चारित्र्याचा रकाना

गेल्या श्रावणात माझी भाची तिच्या प्रवेश अर्जातला निबंध घेऊन घरी आली. बारावीत आहे, सांगलीत विश्रामबागेत राहते, आणि अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांना अर्ज करते आहे. या अर्जासोबत साडेसहाशे शब्दांपर्यंतचा एक निबंध द्यावा लागतो. गुणपत्रकात न दिसणारे आपण कोण आहोत, हे त्यात सांगायचे असते. ती म्हणाली, "मामा, इंग्रजी बघू नकोस, ते मॅडमनी बघितलंय. खरं वाटतंय का तेवढं सांग."

निबंध २०१९च्या महापुरावर होता. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. निबंधातल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या घरात पाणी शिरते, वह्या-पुस्तके चिखल होतात, माणसे माडीच्या खिडकीतून बोटीत उतरतात, आणि बोटीत बसल्या बसल्या ती मुलगी नद्यांचा अभ्यास करायचे ठरवते. शेवटचा निश्चय सोडला तर सगळे तपशील अचूक होते. पण ते तिचे नव्हते. तिच्या सोसायटीत पाणी आले नव्हते. गावभागातले ते घर माझे, माडीची खिडकी माझी, आणि चिखल झालेल्या वह्या म्हणजे माझी वीस वर्षांची टिपणे. हे सगळे मीच तिला वेळोवेळी रंगवून सांगितले होते.

पुण्यातल्या एका सल्लागार बाईंनी तिला सांगितले होते की गुण सगळ्यांचेच चांगले असतात, तिथल्या लोकांना "माणूस" हवा असतो. काही सोसलेले असेल तर ते आधी लिही. पोरीने फार काही सोसलेले नाही. म्हणून तिने मामाचे उसने घेतले.

तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. म्हणून जे मला येते ते मी केले, वाचायला बसलो. मी प्राध्यापक नाही. बी.कॉम. झाल्यावर तीस वर्षे एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिले. वाचन सारे वाचनालयाच्या जिवावर. पण त्या नोकरीने एक गोष्ट शिकवली. कर्जाचा अर्ज नीट वाचला की संस्थेला कोणाची भीती वाटते ते कळते. पूर्वी जो बुडवून गेला, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी एक रकाना वाढतो. नामांकित महाविद्यालयांना उमेदवारात खरोखर काय हवे असते, हे त्यांच्या माहितीपत्रकापेक्षा त्यांच्या अर्जाच्या रकान्यांत अधिक स्पष्ट दिसते, असे मला वाटू लागले आहे. पुढचे लेखन हे त्या रकान्यांचे वाचन आहे.

पहिला कागद आपल्या साताऱ्याचा. राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर, अनुक्रमांक १९१४. २०१७पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातली ती ओळ फार कोरडी आहे. सरकारी शाळेचे दार कायद्याने उघडे होते, त्यामुळे ओळ लिहिली गेली. मुलाने बसायला घरून आणलेले गोणपाट संध्याकाळी परत घरी न्यायचे, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावणार नाही, हे रजिस्टरात नाही. ते बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले. प्रवेश देणे आणि आत घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे साताऱ्याच्या त्या वर्गात एका नऊ वर्षांच्या मुलाला कळले होते.

हाच मुलगा १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि बदल्यात बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरीचा करार. म्हणजे सयाजीरावांनीही काही फुकट दिले नव्हते. पण त्यांना काय हवे ते कागदावर लिहिलेले होते. सोसलेल्या दुःखाचे वर्णन त्यांनी मागितल्याचे कोठे दिसत नाही.

आंबेडकर १९१६ साली न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१९ साली, कोलंबियाच्या पदवी महाविद्यालयाने नवा प्रवेश अर्ज आणला. (आंबेडकर पदव्युत्तर विभागात शिकले, हा अर्ज त्या विभागाचा नव्हे, हे आधीच सांगतो.) निकोलस मरे बटलर तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. नव्या अर्जात उमेदवाराचा धर्म, वडिलांचे नाव व जन्मस्थान विचारलेले होते. छायाचित्र मागितले होते, आणि मुलाखतही होती. असे का करावे लागले? तोवर प्रवेश मुख्यतः परीक्षेवर होता, आणि न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून नुकत्याच आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुले त्या परीक्षेत फार पुढे येत होती. महाविद्यालयात त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले होते. नवा अर्ज आल्यावर दोन वर्षांत ते २२च्या आसपास उतरले. कोणाला बाहेर ठेवायचे आहे असे अर्जात एका शब्दानेही म्हटलेले नव्हते.

हार्वर्डची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण तिथे काही काळ उघड बोलले गेले. १९०० साली सुमारे ७ टक्के असलेले ज्यू विद्यार्थी १९२२पर्यंत २१ टक्क्यांच्या पुढे गेले होते. अध्यक्ष लोवेल यांनी सरळ मर्यादा घालावी असे सुचवले. त्यावर गदारोळ झाला आणि प्राध्यापकांच्या समितीने तो प्रस्ताव फेटाळला. पण त्याच सुमारास अर्जात एक प्रश्न आला होता. त्याचा मथितार्थ असा: जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? असल्यास स्पष्ट करा.

हा प्रश्न वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. मराठी माणसाला त्याची टीप लागत नाही. आडनावावरून माणूस ओळखण्याची कला आपण शेकडो वर्षे जोपासली आहे, आणि आडनाव बदलणाऱ्याकडे संशयाने पाहण्याचीही. "कुठले तुम्ही? म्हणजे मूळचे?" हा आपल्याकडचा बिनछापील रकाना. मी स्वतः १९८८ साली पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्रवेशासाठी गेलो होतो, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी गुणपत्रक उलटे ठेवून हाच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला होता. मी परत साताऱ्याला आलो. त्याचे फार वाईट वाटले असे नाही. पण तो प्रश्न केंब्रिजच्या छापील अर्जावर पाहिला तेव्हा वाईट वाटले. कोठेतरी असे नसेल, असा एक भाबडा समज होता.

सरळ मर्यादा नाकारली गेल्यावर हार्वर्डने काय केले? १९२६ साली नव्या वर्गाची संख्या हजारावर गोठवली, छायाचित्र सक्तीचे केले, आणि निवडीत "चारित्र्य" व "व्यक्तिमत्त्व" यांना वजन दिले. जेरोम काराबेल यांच्या २००५च्या 'द चोझन' या ग्रंथात हा सारा इतिहास विद्यापीठांच्याच कागदपत्रांतून मांडलेला आहे. ग्रंथ जाडजूड आहे आणि मधली शे-दीडशे पाने कंटाळवाणी आहेत, तरी वाचावा. आज ज्याला "समग्र मूल्यमापन" म्हणतात, ज्यात खेळ, छंद, नेतृत्व, शिफारसपत्रे, निबंध असे सगळे येते, ते मुळात विद्वत्तेचे वजन कमी करण्यासाठी घडवलेले हत्यार होते, हे त्यातून लख्ख दिसते. पुढे त्याच हत्याराने चांगली कामेही झाली. कृष्णवर्णीय आणि गरीब मुलांना आत घेताना हीच लवचिकता कामी आली. पण पाते मुळात कोणत्या कामासाठी घासले होते ते विसरू नये.

"कॅरॅक्टर"ला आपण चारित्र्य म्हणतो, पण आपल्या कागदांत त्याची जागा फार साधी आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "वर्तणूक" असा रकाना असतो आणि त्यात "चांगली" असे लिहिलेले असते. माझ्या वर्गात मास्तरांच्या सायकलची हवा सोडणाऱ्या मुलाचीही वर्तणूक चांगलीच होती. त्याच दाखल्यावर जातीचा रकाना असतो. कोलंबियाने धर्म विचारला तो वगळण्यासाठी. आपल्या दाखल्यावरच्या जातीच्या आधारे राखीव जागेवर प्रवेश मिळतो. रकाना तोच, पण दार उलट दिशेने फिरते. म्हणून रकान्यांना सरसकट दोष देण्यात अर्थ नाही. दाराच्या आत कोण बसले आहे आणि त्याला कशाची धास्ती आहे, हे पाहावे लागते.

आता १९१९ याच वर्षाकडे पुन्हा येतो, कारण त्या वर्षाने मला झपाटले आहे. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीकरांसाठी विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले; तोवर इथल्या मुलाला पदवीसाठी पुणे-मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. आणि त्याच वर्षी, ४ ऑक्टोबरला, कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. न्यूयॉर्कमध्ये चारित्र्याचा शोध सुरू होत होता त्याच वर्षी इकडे एक माणूस मुले शोधत गावोगाव हिंडू लागला.

भाऊरावांचाही चारित्र्यावर भर होता, किंबहुना हार्वर्डपेक्षा अधिक. पण त्यांचा क्रम उलटा होता. ते स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. कोल्हापुरात विद्यार्थी असताना अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, आणि त्यापायी राहत्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले, ही हकिकत सर्वांना माहीत आहे. चारित्र्याच्या रकान्यात नापास झालेल्या माणसाने वसतिगृह काढले तर ते कसे असेल? १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या त्यांच्या बोर्डिंगात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान, ब्राह्मण मुले एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. मुले बागेत आणि शेतात राबत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही याच तत्त्वावर, कष्टाच्या बदल्यात शिक्षण.

इथे चारित्र्य ही प्रवेशाची अट नव्हती. आत आल्यावर, दुसऱ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी खाऊन, ते घडायचे होते. मुलगा नेतृत्व कोठे करून आला, असे कोणी विचारत नव्हते. कुदळ धरायची तयारी आहे का, एवढे पुरे. हार्वर्डला घडलेला माणूस हवा असतो; भाऊराव न घडलेला उचलत होते. जगातल्या नामांकित महाविद्यालयांच्या निवडीवर माझा मुख्य आक्षेप येथे आहे. त्यांना उद्या जो कोणी होणार आहे त्याच्यावर आपला शिक्का हवा असतो. चांगला सराफ जुन्या गिऱ्हाइकाचे सोने पारखून घेतो, त्यात वाईट काही नाही, पण त्याने स्वतःला खाणीत उतरणारा म्हणवून घेऊ नये.

याला पुरावा आहे काय? आहे, आणि तो अमेरिकेतलाच आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सारख्याच तोलाच्या महाविद्यालयांत अर्ज करून निवडले गेलेले पण कमी नामांकित ठिकाणी शिकलेले विद्यार्थी पाहिले. पुढच्या कमाईत सर्वसाधारणपणे फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो गरीब घरच्या मुलांना. ज्यांना त्या महाविद्यालयाची खरी गरज आहे त्यांनाच त्याचा लाभ होतो. आणि निवड कोणाची होते? राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली दाखवले की प्रवेश परीक्षेत समान गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांची या विद्यापीठांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त असते.

हार्वर्डवरच्या खटल्यात तर घरचा हिशेबच बाहेर आला. निवड झालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के हे खेळाडू म्हणून घेतलेले, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतले होते. आपल्याकडे याला वशिला म्हणतात आणि त्याची थोडी तरी लाज असते. त्याच खटल्यात दिसले की आशियाई वंशाच्या उमेदवारांना "व्यक्तिमत्त्वा"चे गुण सरासरीने कमी पडत होते. ते देणाऱ्या कचेरीतल्या मंडळींनी बहुतेकांना पाहिलेलेही नव्हते. समोर बसवून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना मात्र ती मुले इतरांसारखीच वाटली होती. खालच्या न्यायालयाने यात भेदभाव सिद्ध झाला नाही असे म्हटले, हेही नोंदवले पाहिजे. २९ जून २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशच बंद केले. पण निकालपत्रात एक फट ठेवली: वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवार निबंधात लिहू शकतो.

म्हणजे रकाना गेला आणि निबंध उरला. पूर्वी जे एका खुणेने कळत होते ते आता साडेसहाशे शब्दांत, गोष्टीरूपाने, अश्रूंसह कळवायचे. मी या निबंधांचे नमुने बरेच वाचले. साहित्यप्रकार म्हणून त्याचे नियम कीर्तनाच्या आख्यानासारखे पक्के आहेत: सुखवस्तू आरंभ, संकट, एक सूक्ष्म तपशील, आत्मशोध, निश्चय. आपल्या दलित आत्मकथनांनी दुःख सांगितले ते ऐकणाऱ्याला अस्वस्थ करण्यासाठी. इथे दुःख ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून सांगितले जाते. सोसणारा शेवटी उभा राहिलाच पाहिजे, नाहीतर अर्ज अपुरा.

मग परीक्षाच बरी, असे कोणी म्हणेल. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात सीईटीच्या गुणांवर प्रवेश होतो, निबंध नाही, अश्रू नाहीत. साताऱ्याची सैनिक शाळा, १९६१ साली निघालेली देशातली पहिली, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी घेते. परीक्षा कोणाचे आडनाव विचारत नाही, हे मला फार मोठे वाटते. पण शिकवणीची फी किती भरली हेही ती विचारत नाही, आणि उत्तरपत्रिकेत ते मिसळलेले असते. जत-आटपाडीचे पोर आणि विश्रामबागेतले पोर एकाच हॉलमध्ये बसते, एवढीच समता. तरीही दोन्हींत निवडायचे झाले तर मी परीक्षेच्या बाजूला बसेन. परीक्षा मुलाला काय येते ते विचारते. तू कोण आहेस हे विचारण्याचा आव आणत नाही.

भाचीला मी यातले निम्मेही सांगितले नाही. एवढेच म्हटले, "पूर माझा आहे. तो तुला देत नाही." ती रुसली. मग विचारले, त्या आठवड्यात तू खरे काय करत होतीस? थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही आठ जण आमच्याकडे राहायला आला होतात. माझी खोली गेली. मला तुमचा सगळ्यांचा राग आला होता. आजी माझ्या गादीवर झोपायची आणि रात्रभर खोकायची, आणि मी देवाला म्हणायचे, पाणी लवकर उतरू दे. तुमच्यासाठी नाही, माझ्या खोलीसाठी."

मी म्हटले, हे लिही.

तिने लिहिले. निबंध चांगला झाला आहे. आजीचा खोकला त्यात ऐकू येतो. सल्लागार बाईंनी वाचून कळवले की यात नेतृत्व दिसत नाही, आणि उमेदवार आपमतलबी वाटते. पोरगी दोन दिवस अस्वस्थ होती. मीही होतो, कारण बाईंचे बहुधा बरोबर असेल, आणि शुल्कमाफीसह प्रवेश मिळाला नाही तर या घरात तेवढे पैसे नाहीत. माझ्या तत्त्वाची किंमत तिने मोजायची आहे. हे मी माझ्या बहिणीलाही सांगितले. ती म्हणाली, "तू लेख लिही. तिचं ती बघेल." निबंध तिने तोच ठेवला.

परवा अर्जाचे उरलेले रकाने भरायला ती पुन्हा आली. आईवडील कोणत्या महाविद्यालयात शिकले, ते भरले. मग एका विद्यापीठाच्या पुरवणी अर्जापाशी थांबली. तुमचे कोणी नातेवाईक इथे शिकले आहेत काय, असा तो प्रश्न होता. विद्यापीठ कोलंबिया. माझा हा लेख तिने तोवर अर्धा वाचला होता.

"मामा, साताऱ्यात शाळा शिकून तिथं गेलेले मला एकच माहीत आहेत," ती म्हणाली. "ते नातेवाइकांत धरतात का?"

रकाना तिने कोरा ठेवला.